आईवडिलांचा मान आणि स्मृतिभ्रंश : निर्णय कधी घ्यावा?



जुलै महिन्याचा चौथा रविवार ख्रिस्तसभेत आजी-आजोबा आणि वृद्ध यांचा जागतिक दिन म्हणून पाळला जातो. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली हा दिवस सुरू केला. प्रभू येशूचे आजी-आजोबा संत ज्योआकिम व संत अन्ना यांचा सण २६ जुलैला येतो, त्याच्या जवळचा हा रविवार. त्या दिवशी मिस्सानंतर आपण आपल्या ज्येष्ठांना फूल देतो, चहापान होते, एकत्र फोटो निघतो. हे सर्व चांगलेच आहे. परंतु फूल घ्यायला पुढच्या बाकांवर येऊन बसतात ते चालते-बोलते ज्येष्ठ. आज रविवार की मंगळवार हे ज्यांना कळत नाही, जे पोटच्या मुलाला 'तुम्ही कोण?' म्हणून विचारतात, ते घरातल्या आतल्या खोलीत असतात. त्यांच्यापाशी बसलेली मुलगी किंवा सूनही त्या रविवारी चर्चमध्ये दिसत नाही. आजचा अभ्यासलेख त्यांच्यासाठी आहे.

आमची एक चूक

सुरुवातीलाच एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी, आधीच्या धर्मग्रामात असताना, पवित्र कुटुंबाच्या सणाला आम्ही चौथ्या आज्ञेवर प्रवचन केले. बोलण्याच्या भरात आम्ही म्हणालो की, ज्या आईने नऊ महिने पोटात ठेवले तिला जे म्हातारपणी घरात ठेवू शकत नाहीत, त्यांनी कोणत्या तोंडाने वेदीपुढे यावे? लोकांनी माना डोलावल्या. काहींनी नंतर भेटून 'फादर, आज चांगले कान उपटलेत' असेही सांगितले. आम्ही खूश झालो.

पुढे प्रायश्चित्तकाळात एक बाई ऑफिसात आल्या. शाळेत शिक्षिका, अविवाहित, आईला एकुलत्या एक. त्यांची हकीकत त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने येथे देत आहोत. सात वर्षे त्यांनी आईची एकटीने सेवा केली होती. आई पूर्वी भाजी घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जायची. आजार वाढल्यावर ती रात्री दोन वाजता उठायची, टोपली शोधायची आणि 'गाडी चुकेल' म्हणत कडी काढून बाहेर पडायची. ऑगस्टमधल्या एका रात्री ती बावखलात कमरेइतक्या पाण्यात उभी सापडली. त्यानंतर तीन महिन्यांनी बाईंनी तिला सिस्टरांच्या एका आश्रमात ठेवले. आणखी पाच आठवड्यांनी आमचे ते प्रवचन त्यांनी ऐकले. त्या दिवसापासून त्यांनी कम्युनियन घेणे बंद केले होते. त्यांनी आम्हांला एवढेच विचारले, "फादर, मी आईला टाकलं का?"

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, पण त्या वेळी आम्हांला धड उत्तर देता आले नाही. आज या लेखातून ते देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

आधी आजार समजून घेऊ

'म्हातारपणी असे व्हायचेच' असे आपण म्हणतो. ते बरोबर नाही. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे म्हातारपण असू शकेल; चष्मा कशासाठी असतो हे विसरणे हा आजार आहे. जर्मन डॉक्टर अलॉईस अल्झायमर यांनी १९०६ साली आपल्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत आढळलेले बदल प्रथम मांडले. तिच्या आजाराला पुढे त्यांचे नाव पडले. स्मृतिभ्रंशाचे हे सर्वांत मोठे कारण. मेंदूला रक्तपुरवठा कमी पडल्यानेही, म्हणजे लहान-मोठ्या पक्षाघातांमुळेही, स्मृतिभ्रंश होतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे हे दुखणे एखाद्याच घरचे नाही. ते लपवण्याजोगे तर मुळीच नाही.

येथे दोन सूचना. पहिली अशी की, विसरभोळेपणाची काही कारणे उपचाराने सुधारू शकतात. थायरॉइडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, काही औषधांचा परिणाम ही त्यांपैकी. म्हणून डॉक्टरांकडून तपासणी झाल्याशिवाय कोणी स्वतःच निदान करू नये. दुसरी अशी की, कालपर्यंत बरे असलेले माणूस एक-दोन दिवसांत एकदम असंबद्ध बोलू लागले, तर ते बहुधा लघवीच्या किंवा छातीच्या संसर्गाने किंवा अशाच दुसऱ्या शारीरिक कारणाने असते. अशा वेळी तातडीने दवाखाना गाठावा. त्या गोंधळात आश्रमाचा निर्णय कधीही घेऊ नये.

माणूस विसरला म्हणजे माणूस संपला का?

जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने सतराव्या शतकाच्या अखेरीस असा विचार मांडला की, कालचा मी आणि आजचा मी एकच, कारण कालचे मला आठवते. म्हणजे व्यक्तीची ओळख तिच्या जाणिवेवर आणि आठवणीवर उभी आहे. हा विचार आपल्या नकळत आपल्याही बोलण्यात येतो. 'आई आता आई राहिलीच नाही, फक्त शरीर उरले आहे' असे दुःखाच्या भरात मुले म्हणतात.

आपली ख्रिस्ती परंपरा वेगळे सांगते. सहाव्या शतकातील बोएथियसपासून संत थॉमस अक्वायनसपर्यंतचे विचारवंत असे मानतात की, माणूस हा विवेकशील स्वभावाचा आहे म्हणून तो व्यक्ती आहे. तो विवेक आज किती चालतो यावर त्याचे व्यक्ती असणे अवलंबून नाही. झोपलेले मूल, बेशुद्ध रुग्ण, स्मृती गेलेली आई, या सर्व पूर्ण व्यक्ती होत. यशया संदेष्ट्याच्या ४९ व्या अध्यायात देव जे आश्वासन देतो ते येथे आठवावे. एखादी आई आपल्या मुलाला विसरू शकेल हे प्रभूला मान्य आहे. परंतु तो स्वतः विसरणार नाही. आई आपल्याला विसरली तरी देव तिला विसरलेला नाही. तिची ओळख तिच्याजवळ राहिली नाही, तर ती जपण्याचे काम देवाने आपल्याकडे दिले आहे.

हे आधी ठरले पाहिजे. कारण आई 'उरलीच नाही' असे ज्याने मानले, त्याला तिला कुठेही ठेवले तरी सारखेच वाटेल.

चौथी आज्ञा काय मागते?

बेन सिराच्या ग्रंथाचा तिसरा अध्याय आपण पवित्र कुटुंबाच्या सणाला ऐकतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात लिहिलेल्या त्या पानांत म्हाताऱ्या बापाची बुद्धी ढळू शकते हे ओळखलेले आहे, आणि तेव्हाही मुलाने धीर धरावा, त्याला कमी लेखू नये, असे सांगितलेले आहे. आश्रमाचा उल्लेख तेथे नाही, कारण तेव्हा तसे काही नव्हते. परंतु दवाखान्याचाही नाही, आणि तरी आपण आईला दवाखान्यात नेतो.

नीतिशास्त्रात एक भेद शिकवला जातो. 'करू नको' अशी आज्ञा प्रत्येक क्षणी एकाच रीतीने लागू असते. 'कर' अशी आज्ञाही नेहमीच लागू असते, पण ती कोणत्या रीतीने पाळायची हे परिस्थिती पाहून ठरवावे लागते. 'आईवडिलांचा मान राख' ही दुसऱ्या प्रकारची आज्ञा आहे. मान राखण्याचे कर्तव्य कधी संपत नाही. मान राखण्याची जागा मात्र बदलू शकते. धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही प्रौढ मुलांनी आईवडिलांना म्हातारपणात, आजारात, एकटेपणात आपल्याला होईल तेवढा आधार द्यावा, असेच म्हटले आहे. 'होईल तेवढा' या शब्दांत पळवाट नाही, पण माणसाच्या मर्यादेची जाण आहे. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ साली वृद्धांना एक पत्र लिहिले. वृद्धांनी कुटुंबातच राहावे हा आदर्श सांगून त्यांनी पुढे हेही मान्य केले की, काही परिस्थितींत वृद्धांसाठीच्या निवासात जाणे योग्य किंवा आवश्यक ठरते.

अर्थात याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू 'कुर्बान' या प्रथेवरून परुश्यांना फटकारतो. आईवडिलांना द्यायचे ते 'देवाला वाहिले' असे म्हणून हात झटकायचे, असा तो प्रकार होता. आजही कारणे चांगली दिली जातात आणि मनात खोली मोकळी करायची असते, जुने घर पाडून इमारत बांधायची असते, पाहुण्यांसमोर लाज वाटत असते. असे असेल तर आश्रम कितीही उत्तम असो, ते टाकणेच आहे. देशाच्या २००७ सालच्या कायद्यानेही ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा ठरवला आहे. उलट, आईला घरातच पण कुलूपबंद खोलीत, ओल्या अंथरुणात ठेवून 'आम्ही आश्रमात टाकली नाही' असे अभिमानाने सांगणारी घरेही आम्ही पाहिली आहेत. घरात ठेवणे आणि मान राखणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

एका संताच्या घरातील गोष्ट

बाळ येशूची संत तेरेजा आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. तिच्या वडिलांची अखेरची वर्षे मात्र फारशी कोणाला ठाऊक नसतात. लुई मार्टिन हे व्यवसायाने घड्याळजी. पत्नी झेली १८७७ साली कर्करोगाने वारली आणि पाच मुलींना त्यांनी वाढवले. १८८७ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हळूहळू स्मृती व बुद्धी यांवर परिणाम होऊ लागला. जून १८८८ मध्ये ते कोणालाही न सांगता घरातून निघून गेले आणि चार दिवसांनी ल हाव्र या बंदराच्या शहरात सापडले. पुढे त्यांना भास होऊ लागले. फेब्रुवारी १८८९ मध्ये शत्रू चालून येत आहेत असे वाटून मुलींच्या रक्षणासाठी त्यांनी रिव्हॉल्व्हर हातात घेतले. तेव्हा मुलींच्या मामांनी निर्णय घेतला आणि १२ फेब्रुवारी १८८९ रोजी लुई यांना काँ या शहरातील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. ते सिस्टर चालवीत असत.

त्या काळी ही केवढी नामुष्की! तेरेजा त्याच्या आदल्याच वर्षी पंधराव्या वर्षी मठात गेली होती. धाकटी लेक मठात गेली म्हणून बापाचे डोके फिरले, असे लोक बोलत. पण घरी असलेल्या दोघी मुली, सेलीन व लिऑनी, काही महिने काँ शहरातच मुक्काम करून राहिल्या. लिझ्यूला परतल्यावरही त्या वडिलांना भेटत राहिल्या. तीन वर्षांनी, मे १८९२ मध्ये, लुई यांचे पाय लुळे पडले. ते निघून जाण्याचा धोका आता राहिला नाही. तेव्हा त्यांना घरी आणण्यात आले आणि २९ जुलै १८९४ रोजी मृत्यू येईपर्यंत सेलीनने त्यांची सेवा केली. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी लुई व झेली यांना एकत्र संत म्हणून घोषित केले. त्यांचा सण १२ जुलैला येतो.

या गोष्टीतून आम्ही तीन गोष्टी घेतो. एक, मनोरुग्णालयातील तीन वर्षांनी लुई यांचे संतपण कमी झाले नाही. दोन, निर्णय घराच्या इभ्रतीवर घेतला गेला नाही, धोका पाहून घेतला गेला. आणि धोका सरल्यावर तो बदललाही. तीन, वडील दूर गेले तरी मुली दूर गेल्या नाहीत.

निर्णय कसा घ्यावा?

संत थॉमस विवेक या सद्गुणाची तीन कामे सांगतात : सल्लामसलत करणे, निवाडा करणे आणि ठरले ते अंमलात आणणे. आपल्या घरांत बहुधा पहिले राहून जाते आणि एके रात्री काहीतरी घडल्यावर थेट तिसरे करावे लागते. म्हणून क्रमाने पाहू.

सल्लामसलत. आजार कळताच, आईला थोडे समजते आहे तोवर, तिलाच विचारावे : 'आई, पुढे मला जमलं नाही तर तुला काय आवडेल?' हा प्रश्न कठीण आहे, पण नंतर तिच्या वतीने उत्तर देणे याहून कठीण जाते. मृत्युपत्र, बँकेतील संयुक्त खाते, नॉमिनी ही कामेही तेव्हाच उरकावीत. लिहून देणाऱ्याची समज गेली की कुलमुखत्यारपत्र कायद्याने निरुपयोगी होते, हे अनेकांना उशिरा कळते. नंतर सर्व भावंडांनी एकत्र बसावे. दुबई किंवा कॅनडातील भावाने फोनवरून 'आईला घराबाहेर काढायचे नाही' असे बजावणे सोपे असते. ज्याच्या हाताला रोज आईचे कपडे बदलावे लागतात, त्याचा शब्द आधी ऐकावा. बहुतेक घरांत ती सून असते आणि तिला बैठकीत बोलावलेलेही नसते.

निवाडा. घरी आणखी काही करता येईल का, हे प्रथम पाहावे. दाराला वरच्या बाजूला दुसरी कडी, रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, विहिरीला जाळी, गळ्यात नाव व फोन नंबर लिहिलेले पदक, दिवसा किंवा रात्री ब्यूरोची मावशी, डॉक्टरांकडून औषधांची फेरतपासणी, भावंडांनी महिने वाटून घेणे. एवढे करूनही पुढील गोष्टी दिसत असतील, तर वेळ आली असे समजावे.

१. आई वारंवार बाहेर निघून जाते, किंवा गॅस, विहीर, जिना यांपासून तिचा जीव वाचवणे घरच्यांना शक्य होत नाही.

२. तिला उठवायला, अंघोळ घालायला, स्वच्छ करायला एका वेळी दोन माणसे लागतात आणि घरात एकच आहे.

३. रात्रीची झोप कित्येक महिने कोणालाच मिळालेली नाही.

४. ती जेवत नाही, गिळताना ठसका लागतो, औषधे थुंकते, वजन उतरते आहे, अंथरुणाच्या जखमा होत आहेत.

५. भीतीने किंवा भासाने ती मारायला धावते आणि घरात लहान मुले आहेत.

६. सेवा करणाऱ्याचीच तब्येत ढासळली आहे, किंवा त्याचा हात आईवर उगारला गेला आहे. हे शेवटचे कोणी कोणाला सांगत नाही. असे घडले असेल तर ते केवळ पाप म्हणून मनात ठेवू नका. ते धोक्याच्या घंटेसारखे समजा आणि त्याच दिवशी कोणाची तरी मदत मागा. केंद्र सरकारची १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन विनामूल्य आहे.

यांतील एखादे लक्षण एकदा दिसले म्हणून घाई करू नये. पण दोन-तीन लक्षणे टिकून असतील, तर थांबणे हे प्रेम नव्हे. स्वतःला असे विचारावे : 'येथे राहण्याने आईचे भले होत आहे, की लोक काय म्हणतील ही माझी भीती शांत होत आहे?' आणि तितक्याच प्रामाणिकपणे : 'तेथे जाण्याने आईचे भले होणार आहे, की फक्त माझी सुटका होणार आहे?' आईची गरज आणि आपली सुटका एकाच वेळी होणार असेल, तर त्यात अपराध नाही. थकलेल्या माणसाला विसावा हवासा वाटणे हे पाप नव्हे.

जागा पाहताना

सर्वच वृद्धाश्रम स्मृतिभ्रंशाचे रुग्ण घेत नाहीत. अनेक ठिकाणी स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश असतो. म्हणून आजार लपवून प्रवेश घेऊ नये. महिनाभरात परत न्यायला सांगतात आणि हाल आईचेच होतात. स्मृतिभ्रंशासाठीची खास केंद्रे थोडी आहेत आणि त्यांचा खर्च पगारदार घराला जड जातो. कोणतीही जागा ठरवण्यापूर्वी दोनदा तरी जावे, एकदा न कळवता. नाकाला काय वास येतो ते पाहावे. रात्री किती माणसे कामावर असतात ते विचारावे. रुग्णांना बांधतात का, झोपेची औषधे कोणाच्या सांगण्यावरून देतात, डॉक्टर किती दिवसांनी येतात, अनामत रक्कम परत मिळते का, हे लेखी घ्यावे.

आणखी एक गोष्ट आपल्या भागातील लोकांसाठी. या आजारात मागाहून शिकलेली भाषा अनेकदा आधी जाते आणि लहानपणची टिकते. आपल्या आया शेवटी सामवेदी किंवा वाडवळी बोलू लागतात. केंद्रातल्या हिंदी बोलणाऱ्या मुलीला ते समजत नाही आणि 'आजी काहीही बडबडते' असे ती लिहून ठेवते. पाणी, भूक, शू, दुखते, भीती वाटते, घरी जायचे, असे वीस-पंचवीस शब्द कागदावर लिहून तेथे द्यावेत. जिने सत्तर वर्षे लाल लुगडे नेसले, तिला गाऊन घातला की आरशातली बाई कोण हेच कळत नाही. निदान रविवारी तरी लुगडे नेसवायला सांगावे. जुनी गोधडी, रोझरी, घरच्या आल्तारावरची तसबीर सोबत द्यावी.

ठेवल्यानंतर

येथेच खरी परीक्षा सुरू होते. आई 'घरी ने' म्हणेल. आपल्या घरात असतानाही ती असेच म्हणत होती, हे आठवावे. तिच्या मनातले घर पुष्कळदा माहेर असते. वाद घालू नये, शपथा घालू नयेत. हात धरून माहेरची विहीर कुठे होती हे विचारावे. भेटीचा वार ठरवावा आणि तो मोडू नये. भावंडांनी वार वाटून घ्यावेत. 'तिला कुठे कळते कोण आले ते' असे म्हणून भेटी बंद करू नयेत. नाव आठवत नसले तरी ओळखीचा आवाज, हाताचा स्पर्श यांनी तिला बरे वाटू शकते, आणि भेट विसरली तरी ते बरे वाटणे काही वेळ टिकते. जिला मुलाचे नाव येत नाही ती 'नमो मरिये' कित्येकदा शेवटपर्यंत म्हणते, कारण ते पाठांतर सत्तर वर्षांचे असते. तिच्यासोबत रोझरीचे एक दशक म्हणावे. लुई मार्टिन यांच्याप्रमाणे परिस्थिती बदलली तर आईला परत आणण्याची तयारीही ठेवावी. निर्णयाकडे दर काही महिन्यांनी पुन्हा पाहावे.

आणि आम्हांला कळवावे. आश्रमात गेलेला माणूस आपल्या धर्मग्रामाच्या वहीतून कमी होत नाही. त्याला कम्युनियन नेता येते, निदान त्या भागातील धर्मगुरूंना सांगता येते. रुग्णाभ्यंग संस्कारासाठी आजाऱ्याने आज तोंडाने मागणे आवश्यक नाही. शुद्धीत असताना त्याने तो मागितला असता एवढे पुरे, असे ख्रिस्तसभेचा कायदा सांगतो.

धर्मग्रामानेही काही केले पाहिजे. गोव्यात एक प्रयोग झाला, त्याचा अहवाल २००८ साली प्रसिद्ध झाला. गावातल्याच साध्या माणसांना थोडे प्रशिक्षण देऊन सहा महिने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरी पाठवले. ते घरच्यांशी बोलत, आजार समजावून सांगत, अडचणीत वाट दाखवत. त्यामुळे सेवा करणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाल्याचे आढळले. हे करायला मोठा पैसा लागत नाही. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद आणि आपले छोटे ख्रिस्ती समूह हे करू शकतात. आठवड्यातून दोन तास कोणी आईपाशी बसले, तर सून मिस्साला येऊ शकेल. कदाचित एखाद्या घरी आश्रमाची वेळ वर्षभर पुढेही जाईल.

टाकणे आणि सोपवणे

शेवटी त्या बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. योहानकृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात क्रुसावर खिळलेला प्रभू येशू आपल्या आईकडे पाहतो. तिला घरी नेणे, तिची म्हातारपणी सेवा करणे त्याच्या हाती राहिलेले नाही. त्याचे हात खिळलेले आहेत. तेव्हा तो तिला योहानाच्या घरी सोपवतो. देवाच्या पुत्राने आपली आई दुसऱ्याच्या घरी राहायला दिली, आणि चौथी आज्ञा मोडली असे कोणी म्हणत नाही. टाकणारा पाठ फिरवतो. सोपवणारा कोणाच्या हाती देतो ते पाहून देतो आणि नंतरही पाहत राहतो.

त्या बाई दर रविवारी दुपारच्या गाडीने आईला भेटायला जात होत्या. डब्यात भात आणि बोंबलाचे कालवण असे. आई त्यांना 'मास्तरीणबाई' म्हणे आणि जेवण झाल्यावर 'तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा' असा निरोप देई. त्या निरोप घेऊन परत येत. बाई, तुम्ही आईला टाकले नाही. तुम्ही तिला सोपवले. वेदीपुढे कोणत्या तोंडाने यावे हा प्रश्न तुम्हांला विचारायचा अधिकार आम्हांला नव्हता. हे त्या वेळी प्रवचनपीठावरून सांगायला हवे होते. आज लिहून सांगत आहोत.

समूहसभेत विचारासाठी

१. आपल्या समूहात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असलेले घर कोणते? तेथे सेवा कोण करते? आपण शेवटचे कधी गेलो?

२. 'लोक काय म्हणतील' या भीतीमुळे आपल्या घरात कोणता निर्णय अडला आहे किंवा चुकीचा झाला आहे?

३. पुढील महिन्यात कोणाच्या घरी, कोणत्या वारी, आपण दोन तास देऊ शकतो?

प्रार्थना

हे प्रभू, ज्यांना आता तुझे नाव आठवत नाही त्यांचे नाव तू आठवणीत ठेव. ज्यांचे हात सेवेने थकले आहेत त्यांना विसावा दे आणि त्या विसाव्याची लाज वाटू देऊ नकोस. निर्णय घेताना आम्हांला शहाणपण दे, घेतल्यावर निष्ठा दे. संत लुई, संत झेली आणि संत तेरेजा, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.

प्रभूच्या सेवेत आपले,
धर्मगुरू